गणिताच्या गोळ्या आणि मुलांचे कान

चंचल मुलांना उत्तेजक औषध देण्याची पद्धत डोकेदुखीतून निघाली, हे सांगून खरे वाटणार नाही. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात ब्रॅडली होम या मुलांच्या रुग्णालयात डॉ. चार्ल्स ब्रॅडली मेंदूची क्ष-किरण तपासणी करीत. त्यासाठी मणक्यातून द्रव काढावा लागे आणि नंतर मुलांचे डोके फार दुखे. उपाय म्हणून त्यांनी बेंझेड्रिन देऊन पाहिले. डोकेदुखी फारशी हटली नाही; मुले अभ्यासाला मात्र लागली! १९३७ साली त्यांनी ३० मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली. त्यांपैकी १४ जणांच्या अभ्यासात ठळक सुधारणा होती. मुले या औषधाला 'गणिताच्या गोळ्या' म्हणत.

१९४४ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीत लिआंद्रो पानित्सोन यांनी मिथाइलफेनिडेट बनवले. पत्नी रिटा हिच्या नावावरून ते 'रिटालिन' झाले. पुढे १९७२ साली डॅनियल सेफर व सहकाऱ्यांनी दाखवले, की दीर्घकाळ उत्तेजके घेणाऱ्या मुलांची वाढ मंदावते. वजनकाटा आणि मोजपट्टी हाताशी होती, म्हणून हे ध्यानात आले. कानांचे काय?

शंका रास्त आहे. स्ट्रेप्टोमायसिनने क्षयरोगी वाचले, पण काहींना चक्कर आणि बहिरेपणा आला. ते औषध अंतर्कर्णातील केशपेशींत शिरून त्या मारते, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. मिथाइलफेनिडेटचे काम निराळे. मेंदूत डोपामीन व नॉरअॅड्रिनॅलिन चेतापेशींत परत शोषले जाणे ते रोखते. नेहमीच्या मात्रेत त्याने केशपेशी मरतात, असा ठोस पुरावा नाही.

मला धोका दिसतो तो दुसरीकडे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात, अवधान आणि ध्वनी-आकलन या दोन्हींत अडचण असलेल्या ३२ मुलांची रिटालिनवर आणि खोट्या गोळीवर चाचणी झाली. रिटालिनने अवधान सुधारले. ध्वनी-आकलनाच्या चाचण्यांत फरक पडला नाही. मग ज्याचा कानच अधू आहे, त्याचे काय होणार? उच्च कंपनसंख्येचे आवाज ऐकू येत नसतील, तर स्वर कळतात, पण 'स', 'श', 'फ' निसटतात. नावाने हाक मारली की असे मूल वळून पाहते. श्रुतलेखनात मात्र 'साप'चा 'ताप' होतो आणि वहीवर शेरा पडतो : 'लक्ष नाही'.

म्हणून श्रवणमापकावर कान तपासायचे ते निदानाच्या आधी. शिवाय औषध सुरू झाल्यावर पालकांना काही शंका आली, तर ताडून पाहायला पहिली नोंद हाताशी राहते.