वजन उतरले, त्वचा उरली : शरीररेखा सुधारणाऱ्या शस्त्रक्रियेचा आणि त्यानंतर उठून उभे राहण्याचा इतिहास

मार्च २०२५ मध्ये टिर्झेपॅटाइड भारतीय बाजारात आले, जूनमध्ये वजन घटवण्यासाठीचे सेमाग्लुटाइड आले, आणि सेमाग्लुटाइडच्या पेटंटची भारतातील मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच असल्याने स्वस्त पर्यायांचे हिशेबही लगेच मांडले जाऊ लागले. देशातील सुमारे ४० टक्के प्रौढांच्या पोटावर प्रमाणाबाहेर चरबी आहे, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत दिसले होते. त्या पार्श्वभूमीवर ही चर्चा स्वाभाविकच होती. मात्र चाळीस-पन्नास किलो वजन उतरल्यानंतर शरीरावर जे मागे राहते, त्याविषयी या साऱ्या चर्चेत फारच थोडे बोलले गेले.

मागे राहते ती त्वचा. अनेक वर्षे ताणल्या गेलेल्या त्वचेतील कोलॅजेन आणि इलॅस्टिनचे तंतू विस्कटलेले, विरळ झालेले असतात. आतली चरबी वितळली म्हणून ते पुन्हा आखडत नाहीत. व्यायामाने स्नायू घट्ट होतात, त्वचा होत नाही. पोटाची घडी मांडीवर लोंबते, घडीखाली घाम साचतो, बुरशीचा संसर्ग होतो, कातडी सोलवटते. भारतीय उन्हाळ्यात हा त्रास किती वाढतो, हे सांगायला नको. ही त्वचा कापून काढणे हाच उपाय आजही उपलब्ध आहे. या उपायाचा इतिहास सहसा सौंदर्यशस्त्रक्रियेचा इतिहास म्हणून सांगितला जातो, पण तो तितकाच शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांचा इतिहास आहे. कापणे शल्यचिकित्सकांना लवकर जमले. कापल्यावर रुग्णाला सुखरूप घरी पाठवणे जमायला जवळजवळ शंभर वर्षे लागली.

१८९९ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील स्त्रीरोगतज्ज्ञ हॉवर्ड केली यांनी एका स्थूल स्त्रीच्या पोटावरील लोंबती घडी आडव्या छेदाने काढल्याची नोंद प्रसिद्ध केली. काढलेल्या भागाचे वजन सुमारे साडेसात किलो होते. फ्रान्समध्ये त्याआधी, १८९० च्या सुमारास, असा प्रयत्न झाला होता. तरी पद्धतशीर मांडणीचे श्रेय सामान्यतः केली यांना दिले जाते. भार उतरवणे हा त्यांचा हेतू होता. आकाराची फिकीर नव्हती आणि बेंबीही त्या भागाबरोबरच गेली.

योगायोग असा की त्याच १८९९ साली शिकागोच्या एमिल रीस यांनी एक निबंध लिहिला. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना आठवडे-आठवडे उताणे निजवून ठेवण्याची गरज नाही, एक-दोन दिवसांत त्यांना उठवावे, असे त्यांचे म्हणणे होते. त्या काळी हे धाडसच होते. रुग्ण हलला की टाके तुटतील, पोट उसवेल, ही भीती सार्वत्रिक होती. आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना जपण्याची जी रीत आहे, तिच्यामागे माया आहे आणि काही प्रमाणात शहाणपणही. परंतु सक्तीची निजानीज शल्यरुग्णाला जपत नाही, हे रीस यांचे निरीक्षण पुढची चाळीस वर्षे बहुतेकांनी बाजूला ठेवले. डेट्रॉइटचे डॅनियल लायथॉझर यांनी १९४० च्या दशकात तो मुद्दा चिकाटीने पुन्हा मांडला. दुसऱ्या महायुद्धात खाटा कमी आणि जखमी अधिक अशी अवस्था आली, तेव्हा युक्तिवादाने जे झाले नव्हते ते टंचाईने घडवले. १९४७ साली रिचर्ड ॲशर या इंग्रज वैद्याने अंथरुणात पडून राहण्याच्या धोक्यांवर ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लिहिलेला छोटा लेख आजही वाचला जातो.

दरम्यान पोटाच्या शस्त्रक्रियेचे रूप बदलत होते. बेंबी जागेवर राखली जाऊ लागली. १९५७ साली व्हर्नन यांनी पोटाची त्वचा बरगड्यांपर्यंत मोकळी करून खाली ओढण्याची आणि बेंबीसाठी नवे छिद्र करण्याची पद्धत वर्णिली. १९६७ साली ब्राझीलच्या इव्हो पितांगी यांनी आपल्या ३०० रुग्णांचा अनुभव मांडला. त्यांचा छेद इतका खाली होता की व्रण कपड्याखाली झाकला जाई. रूप सुधारले, पण त्याची किंमत रुग्णाच्या पुढच्या आठवड्यांनी मोजली. एवढ्या विस्तीर्ण भागात त्वचा खालच्या स्नायूंपासून सुटी केली की मध्ये एक पोकळी तयार होते आणि तिच्यात पिवळसर द्रव साचतो. यालाच सेरोमा म्हणतात. शिवाय सुट्या केलेल्या त्वचेचा रक्तपुरवठा तुटपुंजा होतो आणि कडा काळ्या पडू शकतात. कोणती रक्तवाहिनी कोणत्या भागाला पोसते, याचा नकाशा ह्युगर यांनी १९७९ साली मांडला. तोवर कुठे किती सोडवावे, हे बरेचसे अनुभवाच्या भरवशावर चाले.

मृत्यूचे भय मात्र वेगळ्याच ठिकाणाहून येत होते. १९७७ साली ग्रेझर आणि गोल्डविन यांनी १०,४९० उदरशस्त्रक्रियांची पाहणी प्रसिद्ध केली. पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होण्याचे प्रमाण १.१ टक्के आणि ती गुठळी फुप्फुसात जाण्याचे ०.८ टक्के निघाले. हे आकडे ज्या शस्त्रक्रियेला अनेक जण हौस समजत होते तिचे होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांचे गांभीर्य कळते. कारणेही समजण्याजोगी आहेत. शस्त्रक्रिया तासन्‌तास चालते. सैल पडलेले पोटाचे स्नायू आतून शिवून घट्ट केले की उदरातील दाब वाढतो आणि पायांकडून येणारे रक्त अडते. त्यात टाक्यांवर ताण नको म्हणून रुग्ण गुडघे व कंबर वाकवून निजतो, आणि वेदनेमुळे हलत नाही.

यावरचा मोठा उतारा लंडनहून आला आणि तो शोधणारा शल्यचिकित्सक भारतीय वंशाचा होता. किंग्ज कॉलेज रुग्णालयातील विजय वीर कक्कर यांनी किरणोत्सारी आयोडीन जोडलेल्या फायब्रिनोजेनच्या साह्याने दाखवून दिले की गुठळी पोटरीच्या शिरांत शस्त्रक्रियेच्या वेळीच किंवा तिच्यानंतर लगेच धरू लागते, आणि पुष्कळदा कोणतेही लक्षण दिसत नाही. पुढे १९७५ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांच्या नेतृत्वाखालील आंतरराष्ट्रीय चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात मोठ्या शस्त्रक्रियांचे ४,१२१ रुग्ण होते. हेपॅरिन न दिलेल्या गटात फुप्फुसातील गुठळीने १६ जण दगावले. अल्प मात्रेत हेपॅरिन दिलेल्या गटात २. पोटाच्या त्वचेखाली टोचले जाणारे जे छोटे इंजेक्शन आज रुग्णाला कंटाळवाणे वाटते, त्याच्यामागे हा आकडा आहे. कक्कर यांच्या थ्रॉम्बोसिस रिसर्च इन्स्टिट्यूटची शाखा पुढे बंगळुरूतही निघाली. आपल्याकडे त्यांचे नाव इतके कमी ऐकू यावे, याचे नवल वाटते.

तोवर या शस्त्रक्रियेकडे येणाऱ्या स्त्रिया प्रामुख्याने बाळंतपणांनंतर पोट सैल पडलेल्या असत. एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली आयोवात जठराची बायपास शस्त्रक्रिया केली आणि १९९४ साली ती दुर्बिणीतून झाल्याची नोंद आली, तेव्हापासून एक नवाच रुग्णवर्ग उभा राहिला. यांची त्वचा पोटापुरती नव्हे, तर कंबर, नितंब, मांड्या, दंड, छाती अशी सर्वत्र सैल. कॅन्ससचे टेड लॉकवुड यांनी १९९१ साली त्वचेखालील तंतुमय पडद्याचे महत्त्व सांगितले : ताण त्वचेच्या टाक्यांवर न टाकता या पडद्यावर टाकावा, म्हणजे व्रण रुंदावत नाही. १९९३ साली त्यांनी कमरेभोवती पूर्ण फेरा घेणारी शस्त्रक्रिया मांडली. रुग्णाला पुढून आणि मागून टाके असतात. कोणत्याही कुशीवर सुख नसते. पोकळीचा प्रश्न ब्राझीलच्या बारौदी यांनी १९९८ मध्ये आणि अमेरिकेच्या पोलॉक द्वयीने २००० मध्ये सोडवत आणला. गोधडीला धावदोरा घालावा तशी त्वचा ठिकठिकाणी खालच्या थराला टाचायची, म्हणजे द्रव साचायला जागाच उरत नाही.

या नव्या रुग्णांत आणखी एक गोष्ट निराळी होती. बाहेरून ते सुदृढ दिसत, आतून कुपोषित असू शकत. जठर लहान झालेले, आहार तुटपुंजा, लोह, बी-१२ आणि प्रथिने कमी. अशा शरीराला लांबलचक जखम भरून काढायची असते. म्हणून वजन किमान तीन ते सहा महिने स्थिर राहिल्याशिवाय आणि रक्तचाचण्या समाधानकारक असल्याशिवाय आज जाणते शल्यचिकित्सक हात लावत नाहीत. शाकाहारी घरांत प्रथिनांचा आणि बी-१२ चा हिशेब अधिक काटेकोर ठेवावा लागतो. तंबाखू आधी काही आठवडे बंद, आणि त्यात मशेरी व गुटखाही आला. निकोटिन कोणत्याही वाटेने गेले तरी त्वचेच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या आवळतेच.

आजचा बरे होण्याचा क्रम या साऱ्या इतिहासाचाच जमाखर्च आहे. शस्त्रक्रियेच्या दिवशी संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी रुग्णाला चालवतात. कमरेत थोडे वाकून, पण चालवतात. ड्रेनची नळी ठेवली असल्यास चोवीस तासांतील स्राव साधारण ३० मिलिलिटरच्या खाली आला की ती निघते. घट्ट पट्टा किंवा आवळ कपडा चार ते सहा आठवडे. तेवढाच काळ जड उचलायचे नाही, म्हणजे पाण्याची बादली नाही आणि कडेवर मूलही नाही. मांडी घालून जमिनीवर बसणे, भारतीय पद्धतीच्या शौचालयात उकिडवे बसणे यांचे वेळापत्रक पाश्चात्त्य पुस्तकांत सापडत नाही. ते येथील डॉक्टरांना स्वतः आखावे लागते. परकराची नाडी नेमकी व्रणाच्या आसपास आवळते, ही तक्रारही तशीच इथली. बेंबीखालचा भाग काही महिने बधिर राहतो. सूज संध्याकाळी वाढते, सकाळी उतरते. व्रण फिका पडायला वर्ष-दीड वर्ष लागते. पोटरी एकाच बाजूने सुजली, दम लागला, छातीत दुखले, तर मात्र वाट न पाहता रुग्णालय गाठायचे असते.

भारतात प्लॅस्टिक सर्जरीचा पहिला स्वतंत्र विभाग नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात सी. बालकृष्णन यांनी उभारला. मुंबईत नोशीर अँटिया यांनी जे. जे. रुग्णालयात कुष्ठरुग्णांच्या हातांवर व चेहऱ्यांवर काम केले. भाजलेले, दुभंगलेल्या ओठांचे, कुष्ठाने विद्रूप झालेले रुग्ण हेच तेव्हाचे अग्रक्रम होते आणि ते योग्यच होते. त्या अग्रक्रमांतून आलेली ‘आवश्यक’ आणि ‘हौशी’ अशी विभागणी मात्र आजच्या विमा नियमांत जशीच्या तशी उतरली आहे. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ साली वगळण्याच्या अटी प्रमाणित केल्या. ठरावीक निकषांत बसणाऱ्या रुग्णाची वजन घटवण्याची शस्त्रक्रिया त्यानुसार अपवाद म्हणून मान्य होऊ शकते. प्लॅस्टिक सर्जरी मात्र अपघात, भाजणे वा कर्करोगानंतरची पुनर्रचना असेल, किंवा आरोग्याला असलेला थेट आणि तातडीचा धोका दूर करण्यासाठी आवश्यक असल्याचे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी प्रमाणित केले, तरच. घडीखाली वर्षानुवर्षे चिघळणारी कातडी ‘तातडीचा धोका’ ठरते का, हे अटीत लिहिलेले नाही. त्यामुळे रुग्णाने पुरळाची छायाचित्रे, त्वचारोगतज्ज्ञांच्या चिठ्ठ्या आणि औषधांच्या पावत्या तारखेनिशी जपून ठेवणे, हे तयारीचे एक काम होऊन बसते. तेही शस्त्रक्रियेच्या कित्येक महिने आधीपासून.