खाँसाहेबांचे घराणे आणि आपण

मिरजेत ख्वाजा शमनामीरांच्या दर्ग्याशी गेलो की अब्दुल करीम खाँसाहेबांची आठवण होतेच. १८७२ साली उत्तरेकडील कैराना गावी जन्मलेला हा गवई बडोद्यामार्गे महाराष्ट्रात आला आणि मिरजेचाच झाला. त्याने मराठी नाट्यपदे गायिली, त्यांच्या तबकड्या घरोघरी वाजल्या. विद्या घराण्यातच राखायची असा उस्तादांचा रिवाज होता. तरी खाँसाहेबांनी १९१३ साली पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. त्यांच्या हिंदू शिष्यांपैकी सवाई गंधर्व सर्वांनाच ठाऊक आहेत.

ताराबाई माने यांच्याशी त्यांचा संसार झाला. पुढे १९२२ मध्ये त्या मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. अब्दुल रहमान सुरेशबाबू माने झाला, चंपाकली हिराबाई बडोदेकर झाली. सरस्वती राणे या त्यांच्याच भगिनी. १९३७ साली बाबूराव पेंटरांच्या 'प्रतिभा' चित्रपटात हिराबाई होत्या, १९४३च्या 'रामराज्य'मध्ये सरस्वतीबाईंचा आवाज होता. 'प्रतिभा'च्याच वर्षी, २७ ऑक्टोबरला, मद्रासकडील प्रवासात खाँसाहेब वारले. दफन मात्र मिरजेतच झाले.

मुलांची नावे बदलली, गळा बदलला नाही. बापाने दिलेला किराणा घराण्याचा सूर मराठी घराघरांत पोचला. आपण मराठी मुसलमान आपली मुळे शोधत फिरतो. 'तुम्ही इथले का?' असे कुणी विचारले, तर वाद घालू नये. खाँसाहेबांची एक तबकडी लावावी. उत्तर तिच्यातच आहे.