घरात पुराचं पाणी शिरतं तेव्हा नेमकं काय होतं? ह्यूस्टनच्या हार्वे वादळाची गोष्ट

ऑगस्ट २०१७. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात ‘हार्वे’ नावाचं चक्रीवादळ धडकणार, अशी बातमी होती. पण ह्यूस्टनमध्ये राहणाऱ्या अनेकांना वाटत होतं, आपण तर समुद्रापासून चांगले ७०-८० किलोमीटर आत आहोत. वादळ येईल, झाडं पडतील, लाईट जाईल, दोन दिवसांत सगळं ठीक होईल.

वादळ २५ ऑगस्टच्या रात्री रॉकपोर्ट या गावाजवळ किनाऱ्यावर आदळलं. हे ठिकाण ह्यूस्टनपासून सुमारे अडीचशे किलोमीटर दूर आहे. वाऱ्याचा वेग ताशी २१५ किलोमीटरच्या आसपास होता. रॉकपोर्टची वाताहत झाली. ह्यूस्टनमध्ये मात्र वाऱ्याने फारसं काही बिघडलं नाही. तिथे संकट आलं ते पावसाच्या रूपात, आणि ते चार दिवस हललंच नाही.

वादळ एकाच जागी अडकलं कसं?

हरिकेन, टायफून आणि सायक्लोन ही एकाच प्रकारच्या वादळाची तीन नावं. अटलांटिकमध्ये हरिकेन, पश्चिम पॅसिफिकमध्ये टायफून आणि आपल्याकडे सायक्लोन म्हणजे चक्रीवादळ. ही वादळं जमिनीवर आली की वरच्या थरातले वारे त्यांना सहसा पुढे ढकलत नेतात. हार्वेच्या वेळी हे ढकलणारे वारे फार कमजोर होते. त्यामुळे वादळ टेक्सासच्या किनाऱ्याजवळच घुटमळत राहिलं आणि मेक्सिकोच्या आखातातलं कोमट पाणी उचलून जमिनीवर ओतत राहिलं.

नेदरलँड नावाच्या गावात या काळात १,५३९ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. एका चक्रीवादळात पडलेल्या पावसाचा अमेरिकेतला हा विक्रम आहे. पुण्यात वर्षभरात जेवढा पाऊस पडतो, त्याच्या साधारण दुप्पट पाऊस काही दिवसांत पडला, असं समजा. ह्यूस्टन परिसरात अनेक ठिकाणी चार दिवसांत ९०० ते १,२०० मिलिमीटर पाऊस झाला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझमध्ये एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. मुंबईकरांना त्यावरून या आकड्यांचा अंदाज येईल.

त्यात ह्यूस्टन म्हणजे तव्यासारखं सपाट शहर. माती चिकण, पाणी लवकर न जिरणारी. वर मैलोन् मैल काँक्रीट. पाणी वाहून नेण्याची भिस्त ‘बायू’ म्हणजे संथ वाहणाऱ्या ओढ्यांवर. ते ओढेच भरून वाहायला लागले.

मग लोक शहर सोडून का गेले नाहीत?

हा प्रश्न त्या आठवड्यात जगभरातून विचारला गेला. राज्याचे गव्हर्नर ग्रेग ॲबट लोकांना बाहेर पडण्याचा विचार करा असं सांगत होते, तर ह्यूस्टनचे महापौर सिल्वेस्टर टर्नर घरीच थांबा म्हणत होते. सामान्य माणसाने ऐकायचं कोणाचं?

टर्नर यांच्या भूमिकेमागे २००५ चा अनुभव होता. कत्रिना वादळाने न्यू ऑर्लिन्स बुडाल्यानंतर काही आठवड्यांतच ‘रीटा’ नावाचं वादळ टेक्सासकडे निघालं. घाबरलेले लाखो लोक एकाच वेळी गाड्या घेऊन रस्त्यावर आले. महामार्गावर शेकडो मैल रांगा लागल्या, उन्हाचा कडाका होता, पेट्रोल संपलं. वृद्धाश्रमातल्या रहिवाशांना नेणाऱ्या एका बसला डॅलसजवळ आग लागली आणि २३ जणांचा मृत्यू झाला. त्या वादळात गेलेल्या शंभराहून अधिक बळींपैकी बहुतेक जण वादळाने नाही, तर शहर सोडण्याच्या या धावपळीत गेले.

शिवाय पूर रस्त्यावर पकडतो तेव्हा तो जास्त घातक असतो. हार्वेमध्येही अनेक जण गाडीसकट वाहून गेले. त्यामुळे घरीच थांबा हा सल्ला चुकीचा होता, असं मला वाटत नाही. पण ज्यांच्या घरात त्या रात्री पाणी छातीपर्यंत आलं, त्यांना हे पटवून देणं अवघड आहे.

घरात पाणी येतं तेव्हा

ह्यूस्टनमधली बरीच घरं एकमजली आणि जमिनीलगतच्या काँक्रीटच्या लादीवर बांधलेली आहेत. जोतं उंच घ्यायची आपल्याकडची जुनी पद्धत तिथे फारशी नाही. पाणी दारातूनच आत येईल असा आपला समज असतो. प्रत्यक्षात ते आधी शॉवरच्या किंवा टॉयलेटच्या पाईपमधून उलटं वर येतं, भिंतीच्या बुडाशी झिरपतं, गालिचा पायाखाली थबथबायला लागतो. मग दारातून येतं.

पहिल्या तासात करायची कामं सगळ्यांची सारखीच असतात. मेन स्विच बंद करायचा, पण पाणी स्विचबोर्डपर्यंत पोहोचण्याआधी आणि कोरड्या जमिनीवर उभं राहून. पाण्यात उभं राहून स्विचला हात लावायचा नाही. पासपोर्ट, घराची कागदपत्रं, औषधं प्लास्टिकच्या पिशवीत घालून सर्वांत वरच्या फळीवर. मोबाईल आधीच चार्ज केलेले. बाथटबमध्ये आणि भांड्यांत स्वच्छ पाणी भरून ठेवलेलं, कारण नळाला पाणी येईल याची खात्री नसते. हार्वेच्या वेळी बोमाँट या शहराचा पाणीपुरवठा खरोखरच बंद पडला होता.

एक सूचना मात्र वेगळी होती. पोटमाळ्यावर चढणार असाल तर हातात कुऱ्हाड घेऊन चढा, असं अधिकारी लोकांना सांगत होते. ऐकायला विचित्र वाटतं, पण कारण भयंकर आहे. कत्रिनाच्या वेळी न्यू ऑर्लिन्समध्ये लोक पाणी वाढेल तसे माळ्यावर गेले, पाणी मागोमाग वर आलं आणि छप्पर फोडायला हातात काही नसल्याने कित्येक जण तिथेच बुडाले. म्हणून सल्ला असा की माळ्यावर अडकू नका, थेट छपरावर जा आणि कापड हलवा.

आपत्कालीन ९११ क्रमांकावर इतके फोन येत होते की लोकांना ताटकळत राहावं लागलं. मग लोकांनी फेसबुक आणि ट्विटरवर आपले पत्ते टाकायला सुरुवात केली. हॅरिस काउंटीचे प्रमुख एड एमेट यांनी ज्यांच्याकडे होडी आहे त्यांनी मदतीला यावं, असं आवाहन केलं. शेजारच्या लुइझियानातून ‘केजन नेव्ही’ नावाने ओळखले जाणारे स्वयंसेवक मासेमारीच्या होड्या ट्रेलरवर लादून आले. मोबाईलचा वॉकीटॉकी करणाऱ्या ‘झेलो’ ॲपवर ते एकमेकांना पत्ते सांगत होते. शहरातल्या जॉर्ज ब्राउन कन्व्हेन्शन सेंटरमध्ये सुमारे १० हजार लोकांनी आसरा घेतला. जिम मॅकिंगव्हेल या फर्निचर व्यापाऱ्याने तर आपली दुकानंच उघडून दिली. लोक विक्रीच्या गाद्यांवर झोपले.

ह्यूस्टन विद्यापीठातले सुमारे २०० भारतीय विद्यार्थीही पुरात अडकले होते. तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी ट्वीट करून ही माहिती दिली होती. ह्यूस्टन आणि शेजारच्या शुगरलँड परिसरात मराठी कुटुंबंही बरीच आहेत. त्यामुळे त्या आठवड्यात महाराष्ट्रातल्या अनेक घरांत रात्री-अपरात्री ‘पाणी किती आलं?’ असे व्हॉट्सॲप कॉल चालू होते.

पाऊस थांबल्यावर पाणी का वाढलं?

या पुरातला सगळ्यांत वादग्रस्त भाग म्हणजे दोन धरणं. ह्यूस्टनच्या पश्चिमेला ॲडिक्स आणि बार्कर ही धरणं आहेत. १९३५ च्या पुरानंतर लष्कराच्या अभियांत्रिकी विभागाने, म्हणजे आर्मी कोअर ऑफ इंजिनियर्सने, ती १९४० च्या दशकात बांधली. एरवी ती कोरडी असतात, तिथे बागा आणि खेळाची मैदानं आहेत. मोठा पाऊस झाला की पाणी अडवून शहराचा मध्यभाग वाचवायचा, एवढंच त्यांचं काम.

गडबड अशी की धरण पूर्ण भरल्यावर पाणी जिथपर्यंत पसरेल तेवढी सगळी जमीन सरकारने घेतलीच नव्हती. पुढच्या काही दशकांत त्या उरलेल्या जमिनीवर हजारो घरं उभी राहिली. म्हणजे लोक धरणाच्या पोटात राहायला गेले आणि बहुतेकांना ते माहीतही नव्हतं. काही वसाहतींच्या सरकारी नकाशांवर तशी नोंद होती, पण घर घेताना असे नकाशे किती जण वाचतात?

२८ ऑगस्टच्या पहाटे अभियंत्यांनी दरवाजे उघडून बफेलो बायूमध्ये पाणी सोडायला सुरुवात केली. धरण धोक्यात येऊ नये म्हणून ते करणं भाग होतं, असं त्यांचं म्हणणं. परिणाम असा झाला की धरणाच्या वरच्या बाजूची घरं साठलेल्या पाण्यात बुडाली आणि खालच्या बाजूची सोडलेल्या पाण्यात. आपण वाचलो, असं वाटलेल्या अनेकांच्या घरात ऊन पडल्यानंतर पाणी आलं, आणि ते कित्येक दिवस हललं नाही.

कोयना आणि अलमट्टीच्या विसर्गावरून २०१९ च्या पुरात सांगली-कोल्हापुरात काय वाद झाला होता, हे ज्यांना आठवतं त्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल. ह्यूस्टनचे लोक न्यायालयात गेले. २०१९ मध्ये न्यायालयाने वरच्या बाजूच्या रहिवाशांच्या बाबतीत सरकारला जबाबदार धरलं. खालच्या बाजूच्या रहिवाशांचा दावा २०२० मध्ये फेटाळला गेला, पण २०२२ मध्ये वरच्या न्यायालयाने तो पुन्हा जिवंत केला.

पाणी ओसरल्यावर भिंती का फोडतात?

हार्वेनंतरचे फोटो पाहिले तर रस्त्याच्या दोन्ही कडेला माणसाच्या उंचीचे ढिगारे दिसतात. गाद्या, गालिचे, फ्रिज, लहान मुलांची खेळणी आणि मोठमोठे पांढरे तुकडे. संसार रस्त्यावर येणं म्हणजे काय, ते अक्षरशः दिसतं. ते पांढरे तुकडे म्हणजे घराच्या भिंती.

आपल्याकडे चिपळूणला २०२१ मध्ये पूर आला तेव्हा लोकांनी चिखल उपसला, भिंती धुतल्या, वाळल्यावर रंग दिला. विटांच्या भिंतीला हे चालतं. अमेरिकेतल्या बहुतेक घरांची भिंत म्हणजे लाकडाचा सांगाडा, दोन्ही बाजूंना जिप्समचे बोर्ड आणि बाहेरच्या भिंतींमध्ये कापसासारखं इन्सुलेशन. जिप्सम बोर्ड स्पंजासारखा पाणी वर ओढतो. पाणी फूटभरच आलं असलं तरी ओल त्याच्या बरीच वर चढलेली असते. बाहेरून भिंत वाळलेली दिसते, आत इन्सुलेशन ओलंचिंब. २४ ते ४८ तासांत बुरशी धरायला लागते.

म्हणून भिंती कापतात. बहुतेक वेळा चार फुटांपर्यंत, कारण जिप्समचा बोर्ड चार फूट रुंदीचा मिळतो आणि नंतर आडवा बसवला की बरोबर बसतो. मग आतलं लाकूड उघडं ठेवून पंखे आणि हवेतली ओल खेचणारी यंत्रं लावायची. लाकडातली ओल यंत्राने मोजतात आणि ती पुरेशी उतरल्याशिवाय भिंत बंद करत नाहीत. याला आठवडे लागतात. घाई केली तर नव्या भिंतीच्या आत बुरशी येते आणि पुन्हा तोडफोड.

हे काम करताना मास्क, हातमोजे आणि जाड बूट हवेत, कारण पुराच्या पाण्यात सांडपाणी मिसळलेलं असतं. साप असतात. टेक्सासमध्ये तर लाल मुंग्या एकमेकींना धरून तराफ्यासारख्या पाण्यावर तरंगतात आणि जे हाताला लागेल त्यावर चढतात. वीज नसते म्हणून लोक जनरेटर लावतात. तो घरात किंवा गॅरेजमध्ये लावला तर कार्बन मोनॉक्साईडने जीव जाऊ शकतो. त्याला वास नसतो.

काहीही बाहेर फेकण्याआधी मात्र एक काम करायचं. प्रत्येक खोलीचे, प्रत्येक वस्तूचे, भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेचे फोटो काढायचे. फ्रिज-टीव्हीच्या मागचा क्रमांक टिपायचा. गालिच्याचा एक तुकडा कापून ठेवायचा. विम्याचा सर्व्हेअर येईपर्यंत सगळं तसंच ठेवता येत नाही, मग पुरावा हाच.

विमा होता का?

अमेरिकेत घराच्या नेहमीच्या विम्यात पुराचं नुकसान धरलेलं नसतं. त्यासाठी वेगळा विमा लागतो. तो मुख्यतः १९६८ पासून चालणाऱ्या सरकारी योजनेतून मिळतो. त्यात घरासाठी जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर आणि सामानासाठी एक लाख डॉलर मिळतात. पण पॉलिसी घेतल्यावर साधारण ३० दिवसांनी ती लागू होते, म्हणजे वादळाची बातमी ऐकून विमा घेण्यात अर्थ नाही.

कर्जावर घर घेतलेल्यांना हा विमा सक्तीचा असतो, पण फक्त ‘शंभर वर्षांच्या पूररेषे’च्या आत घर असेल तर. या नावाने फार घोळ घातला आहे. शंभर वर्षांतून एकदा पूर येईल, असा त्याचा अर्थ नाही. दरवर्षी पूर येण्याची शक्यता एक टक्का आहे, असा अर्थ आहे. ३० वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात ही शक्यता सुमारे २६ टक्क्यांवर जाते. मेयरलँड या वस्तीत तर २०१५, २०१६ आणि २०१७ अशी सलग तीन वर्षं घरांत पाणी आलं.

हार्वेमध्ये एकट्या हॅरिस काउंटीत दीड लाखांहून अधिक घरांत पाणी शिरलं. त्यातली सुमारे दोन तृतीयांश घरं या पूररेषेच्या बाहेर होती. म्हणजे ज्यांना नकाशा ‘तुम्ही सुरक्षित आहात’ असं सांगत होता, त्यांचीच घरं जास्त बुडाली आणि त्यांच्यापैकी बहुतेकांकडे विमा नव्हता. अशांना फेमा या केंद्रीय आपत्ती संस्थेकडून जास्तीत जास्त ३३ हजार डॉलरच्या आसपास मदत मिळू शकत होती, प्रत्यक्षात अनेकांना त्याहून खूपच कमी मिळाली. उरलेल्यासाठी सरकारी कमी व्याजाचं कर्ज. म्हणजे बुडालेल्या घराच्या जुन्या कर्जावर आणखी एक कर्ज.

पुढे काय बदललं?

हार्वेमध्ये टेक्सासमध्ये किमान ६८ जणांचा थेट मृत्यू झाला. तिघांचा अपवाद सोडला तर हे सगळे पावसाच्या पुराचे बळी होते. एकूण नुकसान सुमारे १२५ अब्ज डॉलरचं.

बरोबर एका वर्षाने, २५ ऑगस्ट २०१८ ला, हॅरिस काउंटीच्या मतदारांनी पूर नियंत्रणासाठी अडीच अब्ज डॉलरचे रोखे उभारायला मंजुरी दिली. ह्यूस्टनने नियम केला की पूरक्षेत्रातलं नवं घर ‘पाचशे वर्षांच्या’ पूरपातळीच्या दोन फूट वर बांधायचं. जुन्या घरांसाठीही एक अट आहे. पूररेषेतल्या घराच्या दुरुस्तीचा खर्च घराच्या बाजारभावाच्या निम्म्यावर गेला, तर नुसती डागडुजी चालत नाही, घर नव्या नियमात बसवावं लागतं. म्हणून मेयरलँडमध्ये आज काही घरं जॅक लावून उचललेली दिसतात, तर काही जुनी पाडून त्याजागी उंच जोत्यावर नवी बांधलेली. काही घरं सरकारने विकत घेऊन पाडली, तिथे आता पाणी मुरायला मोकळं गवत आहे.