खाज आणि खर्डेघाशी

रविवारी दुपारी आमच्या घरी स्क्रॅबल नावाचा खेळ चालतो. मुलं खेळतात, मी हरतो. बी.कॉम. असल्यामुळे गुणांच्या बेरजा मात्र माझ्याकडे असतात. एकदा कन्येनं विचारलं, "बाबा, स्क्रॅबल म्हणजे काय हो?"

"खेळ," मी म्हणालो.

तिनं शब्दकोश उघडून माझा निकाल लावला. नखांनी किंवा पंजांनी अधीरपणे खरडणं, ओरबाडणं! ते ऐकलं आणि मला भीमाशंकर आठवलं.

त्याचं असं झालं. एका पौषात ऑफिसातले आम्ही चौघे मंचर-घोडेगावमार्गे भीमाशंकरला गेलो होतो. दर्शन झाल्यावर शेकरू बघायला मी झाडीत शिरलो. शेकरू काही दिसलं नाही. वेलीवर मखमली, तांबूस शेंगांचे घोस दिसले. मी प्रेमानं हात फिरवला. मिनिटाभरात मला दोन हात कमी पडू लागले. खाजवून झालं, बोचकारून झालं, शेवटी खोडाला पाठ घासली. मित्र मदतीला येण्याऐवजी चार पावलं मागे सरले. वाटेवरची एक म्हातारी ओरडली, "अवो दादा, खाजकुयली हाय ती! खाजवू नगा, पसरंल! शेण चोळा!" त्या अवतारात मी एस.टी.त बसलो. शेजारची सीट मंचरपर्यंत रिकामी होती.

या वेलीनं साहेबालाही सोडलेलं नाही. संस्कृतात ती कपिकच्छू, म्हणजे माकडाची खाज. हिंदीत केवाँच. इंग्रजांनी तो शब्द उचलला आणि आपल्या कानाला ओळखीचा वाटावा म्हणून त्याचं 'काउ-इच' करून टाकलं. माकडाची खाज फुकटची गाईच्या माथी आली!

स्क्रॅबलचं घराणं मात्र डच. सोळाव्या शतकात तो इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ होता, वेडंवाकडं लिहिणं. १६११ सालच्या इंग्रजी बायबलात दावीद वेडाचं सोंग घेऊन वेशीच्या दारांवर खरडतो, तिथे हाच शब्द आहे. पुढे पोटासाठी केलेल्या धडपडीलाही तो लागू झाला. खेळाचा जन्म त्या धडपडीतलाच. १९३०नंतरच्या मंदीत आल्फ्रेड बट्स नावाचे अमेरिकन वास्तुशिल्पज्ञ बेकार झाले. वर्तमानपत्रातली अक्षरं मोजमोजून त्यांनी कुठल्या अक्षराला किती गुण, ते ठरवलं. खेळ बरीच वर्षं कोणी घेईना. त्याला स्क्रॅबल हे नाव मिळालं १९४८ साली, जेम्स ब्रुनो यांच्या हातून.

"मराठीत काय म्हणायचं?" कन्येनं विचारलं.

आता मी सरसावून बसलो. कोंबडी उकरते, मांजर बोचकारतं, तुझी आई पातेलं खरवडते आणि कारकून खरडतो. नखानं खरडणं आणि लेखणीनं खरडणं, दोन्हींना आपल्याकडे शब्द एकच. त्यातूनच खर्डा आणि खर्ड्यातून खर्डेघाशी.

"म्हणजे बाबा, तुम्ही बँकेत रोज स्क्रॅबलच खेळता!"

"वीस वर्षं," मी म्हणालो. "फक्त तिथे बेरजा माझ्या असतात आणि गुण साहेबाला मिळतात."

ती हसली. मीही हसलो, पण एक गोष्ट बोललो नाही. शाळेच्या फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायापुढे ती नुसतं 'बँकेत' लिहायची. पुढचा शब्द गाळायची. ते मी दर वर्षी सही करताना पाहत होतो. ती खाजही तशीच. खाजवली तर पसरते, म्हणून म्हातारीचा सल्ला मानून गप्प बसलो होतो.

जूनमध्ये नवा फॉर्म आला. त्या रकान्यात लिहिलं होतं, 'बँकेत कारकून'.

खाली सही करायची होती. रोज शंभर कागदांवर मी ती खरडतो. त्या दिवशी खुर्चीवर नीट बसलो, चष्मा पुसला आणि सावकाश, वळणदार अक्षरात केली.