तात्या विंचू, परभणी आणि तेरा-चौदा लाखांचा देश

मंडळी, एस्टोनिया नावाचा एक देश आहे. युरोपात, रशियाला खेटून. लोकसंख्या जेमतेम 13-14 लाख. आपल्या परभणी जिल्ह्याची 2011 च्या जनगणनेत 18 लाख 36 हजार होती. तरी त्या भाषेत विनोदी थरारपटसुद्धा निघतात! 1991 मध्ये सोव्हिएत राजवटीतून सुटल्यावर तिथला सिनेमा पार बसला होता. 1997 मध्ये चित्रपटांना सरकारी पैसा देणारी स्वतंत्र संस्था निघाली आणि गाडी हळूहळू रुळावर आली.

आपण मराठी बोलणारे 8 कोटींच्या वर. विनोदी थरारपट म्हटलं की आपल्याला काय आठवतं? 'झपाटलेला'. 1993 सालचा.

मूळ कल्पना 1988 च्या 'चाइल्ड्स प्ले' या अमेरिकन चित्रपटाची. मरणाऱ्या गुन्हेगाराचा आत्मा बाहुल्यात शिरतो. पण महेश कोठारेंनी ती अशी मराठी केली की मूळ सिनेमा कुणाला आठवतही नाही. तिकडचा बाहुला लहान पोराच्या हाती पडतो, इकडचा बोलक्या बाहुल्यांचं वेड असलेल्या लक्ष्याच्या. सोबतीला मांत्रिक बाबा चमत्कार, कुबड्या खवीस आणि गावचे पोलीस. भीती वाटते न वाटते तोच हसू फुटतं.

यामागची माणसं बघा. कोठारे म्हणजे 1963 च्या 'छोटा जवान'मधला बालकलाकार, शिक्षणाने वकील. 'धुमधडाका' (1985), 'थरथराट' (1989), 'धडाकेबाज' (1990) अशी त्यांची रांगच लागली. 'धडाकेबाज' तर मराठीतला पहिला सिनेमास्कोप. तात्या विंचू होऊन बोलले दिलीप प्रभावळकर. बाहुला बनवला रामदास पाध्ये यांनी, ज्यांचे वडील य. के. पाध्ये यांनी 'अर्धवटराव' घराघरांत पोचवला. म्हणजे आज ज्या बाहुल्याला आपण हसतो, त्याच्यामागे दोन पिढ्यांची शब्दभ्रमाची कला उभी आहे. आणि लक्ष्मीकांत बेर्डे! 16 डिसेंबर 2004 ला ते गेले, पण टीव्हीवर 'झपाटलेला' लागला की आजही रिमोट तिथंच थांबतो.

आता मुद्द्याचं. हे सगळं आपोआप झालं नाही. 1971 मध्ये दादा कोंडकेंच्या 'सोंगाड्या'ला दादरच्या थिएटरात जागा मिळेना, तेव्हा शिवसेनेला रस्त्यावर उतरावं लागलं. सत्तरच्याच दशकात सरकारने मराठी चित्रपटांना करमणूक कर परत द्यायला सुरुवात केली. अट एकच, तो पैसा पुढच्या मराठी चित्रपटात घालायचा. त्या आधारावर कितीतरी निर्माते उभे राहिले. पुढे अनुदान आलं. 2015 मध्ये मल्टिप्लेक्सना प्राइम टाइमला मराठी चित्रपट दाखवायला सांगावं लागलं. 44 वर्षांनीही भांडण तेच, पडद्याचं!

आणि पडदा म्हटलं की मुंबई-पुण्याचंच बोललं जातं. निजामाच्या राज्यात आपल्या आजोबांनी उर्दूतून शाळा शिकली, 1948 नंतर मराठी शाळा-कचेरीत आली. त्या मराठीचा सिनेमा परभणी, जिंतूर, गंगाखेड, सेलूच्या माणसाला घराजवळ तिकीट काढून बघता यायला नको का? आपल्याच परभणीचा संकर्षण कऱ्हाडे आज महाराष्ट्र गाजवतोय. पण त्यासाठी त्याला मुंबई गाठावीच लागली ना?

अनुदान चित्रपट काढायला मिळतं, तो गावापर्यंत पोचवायला कोण देणार? तालुक्याच्या ठिकाणी लहानसं, शंभर खुर्च्यांचं का होईना, पण मराठीसाठी राखीव खेळ असलेलं थिएटर आपल्या आमदार-खासदारांनी मागावं. 13-14 लाखांचा देश आपल्या भाषेसाठी तिजोरी उघडतो. आपण तर नुसता पडदा मागतोय.

तुम्ही थिएटरात शेवटचा मराठी सिनेमा कोणता बघितला आणि कुठल्या गावात? खाली लिहा. उत्तरं वाचली की परिस्थिती आपोआप कळेल.