ज्याच्यासाठी शोकसंगीत वाजले नाही

१/ १६ जून १९०४. हेलसिंकीच्या सिनेट इमारतीत ऑयगेन शाउमान या २९ वर्षांच्या कर्मचाऱ्याने रशियन गव्हर्नर-जनरल निकोलाय बॉब्रिकॉव्हवर गोळ्या झाडल्या आणि लगेच स्वतःचेही जीवन संपवले. बॉब्रिकॉव्हही वाचला नाही.

२/ या हत्येचे मूळ १८९९ मध्ये आहे. १८०९ पासून फिनलंड रशियाच्या झारच्या अधीन असले, तरी त्याचे कायदे स्वतंत्र होते. दुसऱ्या निकोलसच्या फेब्रुवारी जाहीरनाम्याने त्यांवर घाला घातला. सुमारे २६ लाखांच्या या देशात अवघ्या काही दिवसांत पाच लाखांहून अधिक सह्यांचा अर्ज तयार झाला. झारने तो घेऊन आलेल्या शिष्टमंडळाची भेटही नाकारली.

३/ पुढे फिनलंडचे वेगळे सैन्य मोडीत निघाले आणि १९०३ मध्ये बॉब्रिकॉव्हला हुकूमशाही अधिकार मिळाले. सनदशीर मार्ग एकेक करून बंद होत गेले.

४/ शाउमानने झारच्या नावे पत्र ठेवले होते. हे कृत्य आपण एकट्याने केले, असे त्यात नमूद होते. सरकारने त्याचे दफन गुपचूप उरकले. १९०५ च्या सार्वत्रिक संपानंतर वारे फिरले आणि १९०६ मध्ये त्याचे अवशेष पोर्वो येथील कौटुंबिक दफनभूमीत सन्मानाने हलवण्यात आले.

५/ संगीतकार जाँ सिबेलियस त्या वेळी चाळिशीच्या उंबरठ्यावर होता. शाउमानच्या स्मरणार्थ काही रचावे, हा विचार त्याच्या मनात तेव्हाच रुजला, असे मानले जाते. रचना मात्र १९०९ मध्ये आकाराला आली आणि १९१० मध्ये सुधारली गेली. नाव लॅटिन: ‘इन मेमोरियम’, अर्थात ‘स्मृतिप्रीत्यर्थ’. कोणाच्या, हे शीर्षक सांगत नाही.

६/ या मौनाला दुसराही पदर आहे. १९०८ मध्ये सिबेलियसच्या घशातील गाठीवर शस्त्रक्रिया झाल्या होत्या. मृत्यूच्या भयाने त्याने अनेक वर्षे मद्य व सिगार वर्ज्य केले. म्हणूनच हा शोकमार्च त्याने स्वतःसाठीही लिहिला असावा, असे अनेक अभ्यासकांना वाटते.

७/ सुमारे दहा मिनिटांच्या या वाद्यवृंदरचनेत मिरवणुकीची संथ, जड पावले ऐकू येतात. ती हळूहळू चढत जातात. त्यात विजयाचा घोष नाही. हत्येचे समर्थन किंवा निषेध यांपैकी काहीही करण्यास संगीत बांधील नव्हते. शोक करण्याची मुभा मात्र ते देऊ शकत होते.

८/ २० सप्टेंबर १९५७ रोजी, वयाच्या ९१ व्या वर्षी सिबेलियसचे निधन झाले. हेलसिंकीच्या कॅथेड्रलमधील त्याच्या अंत्यविधीत ‘इन मेमोरियम’ वाजले. हे कॅथेड्रल सिनेट चौकाच्या उत्तरेस उभे आहे. त्याच चौकाच्या पूर्वेस ती इमारत आहे, जिथे ५३ वर्षांपूर्वी शाउमानने गोळ्या झाडल्या होत्या.