त्वचानिगा आणि प्रसाधन : चंद्रपूर व गडचिरोली

वर्धा, वैनगंगा आणि इंद्रावती या नद्यांच्या मुलखातील जंगलजिल्ह्यांत रोजच्या वापरात असलेली तेले, उटणी, रंग, गोंदण व बाजारी प्रसाधने, आणि त्यांच्या वापरासंबंधीचा सल्ला. गडचिरोली हा पूर्वीच्या चांदा, म्हणजे चंद्रपूर जिल्ह्याचाच भाग. २६ ऑगस्ट १९८२ रोजी तो वेगळा झाला. त्याच्या दोन-तृतीयांशाहून अधिक भूमीवर आजही जंगल आहे. चंद्रपूर जिल्ह्यात ताडोबाच्या जंगलाच्या शेजारीच कोळसाखाणी, सिमेंटचे कारखाने आणि औष्णिक वीजकेंद्र उभे आहे. मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरीचा पारा ४५ ते ४७ अंशांवर जातो, पावसाळ्यात धानाच्या बांधीत दिवसदिवस पाय बुडालेले असतात, आणि हिवाळ्यात कोरड्या थंडीने टाचा फुटतात. मासिकांतले सौंदर्यसल्ले वातानुकूलित खोलीतल्या चेहऱ्यासाठी लिहिलेले असतात. तेंदूपाने तोडणाऱ्या, रोवणी करणाऱ्या किंवा स्कूटीवरून घुग्घुसच्या धुळीतून कॉलेजला जाणाऱ्या मुलीला त्यांतले फार थोडे लागू पडते. त्वचा गोरी करणे नव्हे, ती शाबूत ठेवणे, हेच येथील प्रसाधनाचे खरे काम आहे.

मोहाचे तेल. या भागाचे स्वतःचे प्रसाधन कोणते, याचे उत्तर मोह. मार्च-एप्रिलमध्ये फुले वेचून झाली की पुढे पावसाच्या तोंडावर फळे पिकतात. त्यांतली बी म्हणजे टोळ किंवा टोरी. ती फोडून, वाळवून घाण्यावर नेतात. गरात वजनाच्या निम्म्याच्या आसपास तेल असते. ते स्वयंपाकात, दिव्यात आणि अंगाला, तिन्हीकडे चालते. उन्हाळ्यात ते पातळ, पिवळसर असते. थंडी पडली की तुपासारखे थिजते. त्यातील पामिटिक व स्टिअरिक या घट्ट स्निग्धाम्लांमुळे असे होते, आणि तोच त्याचा गुण आहे. त्वचेवर पातळ थर राहतो, आतले पाणी उडून जात नाही. आफ्रिकेतील शिया या झाडाच्या बियांचे लोणी आज जगभरच्या महागड्या क्रीममध्ये असते. शिया आणि मोह एकाच कुळातले, सॅपोटेसी कुळातले, भाऊबंद आहेत. धानोरा, एटापल्ली, भामरागड भागात हे तेल घरचे असताना तिथल्या मुली बाजारातून सुगंधी लोशनची लहान बाटली घेतात, याचे वाईट वाटते. लोशनमध्ये बहुतांश पाणीच असते.

वापरण्याची रीत साधी आहे. रात्री पाय कोमट पाण्यात दहा मिनिटे भिजवावेत, पुसावेत, आणि त्वचा किंचित ओली असतानाच टाचा, कोपरे, हाताच्या बोटांची पेरे यांवर तेल चोळावे. वरून सुती मोजे घातले तर उत्तम. कोरड्या त्वचेवर नुसते तेल चोपडले तर फायदा निम्माच होतो, कारण तेल स्वतः ओलावा देत नाही, आहे तो धरून ठेवते. मुरमे येणाऱ्या तेलकट चेहऱ्यावर मात्र मोहाचे तेल लावू नये, रंध्रे बुजतात. भेग खोल जाऊन रक्त येत असेल तर आधी जखम बरी होऊ द्यावी. खवट वास आलेले तेल अंगाला वापरू नये. करंजाचे तेलही येथे खाज आणि उवांसाठी वापरतात, पण खरूज त्याने जात नाही. खरजेचे औषध सगळ्या घराने एकाच रात्री लावावे लागते आणि अंथरूण-कपडे गरम पाण्याने धुवावे लागतात.

चार आणि बिब्बा. चारोळी दुधात वाटून चेहऱ्याला लावण्याची रीत महाराष्ट्रभर आहे. ज्या चाराच्या झाडाची ती बी, ते या जंगलात भरपूर. वाटण मऊ असावे, भरड असू नये, आणि चेहरा घासायचा नाही, हळू पुसायचा. ज्याला काजू किंवा आंब्याच्या चिकाने अंगावर उठते त्याने चारोळी आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस पाहावी, कारण चार, आंबा, काजू आणि बिब्बा ही सगळी एकाच कुळातली झाडे आहेत. त्यांतला बिब्बा सर्वांत जहाल. त्याच्या कवचातला काळा रस धोब्याच्या खुणेसाठी वापरत, तो कापडावरून जात नाही आणि अंगावर पडला तर भाजल्यासारखे फोड येतात. ‘बिब्बा उतला’ हा शब्दप्रयोग त्यावरूनच आला. वांग, मस किंवा डाग घालवण्यासाठी चेहऱ्यावर बिब्बा लावण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच मानू नये. जखम भरल्यावर जो काळा डाग राहतो तो मूळ डागापेक्षा वाईट असतो. रस लागलाच तर लगेच साबणाने भरपूर धुवावे.

ऊन आणि वांग. गालांवर, कपाळावर व ओठाच्या वर उठणाऱ्या तपकिरी डागांना वांग म्हणतात. गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या आणि ऊन ही त्याची मुख्य कारणे. शेतात दिवस काढणाऱ्या बाईचा वांग कोणत्याही क्रीमने टिकाऊ बरा होत नाही, जोवर ऊन थांबत नाही. म्हणून पहिला उपाय कापडाचा. विदर्भातल्या मुली गाडीवर तोंडभर स्कार्फ गुंडाळतात, ही येथील सर्वांत चांगली त्वचानिगा आहे. कापड गडद रंगाचे व घट्ट विणीचे असावे आणि रोज धुतलेले असावे, नाहीतर घामट कापडानेच मुरमे येतात. सनस्क्रीन घ्यायचे तर एसपीएफ ३० पुरेसे. चेहरा आणि मान यांसाठी दोन बोटांच्या लांबीइतके लागते आणि घाम येत असेल तर दोन तासांनी पुन्हा लावावे लागते. वाटाण्याएवढे लावून दिवस काढणे म्हणजे पैसे वाया घालवणे. वांगासाठी फिकट तपकिरी रंगाचे, लोहऑक्साइड घातलेले सनस्क्रीन अधिक उपयोगी, कारण वांग दृश्य प्रकाशानेही वाढतो. गडचिरोलीत मलेरियामुळे डासांचे मलमही लावावे लागते. तेव्हा क्रम असा : आधी सनस्क्रीन, ते मुरल्यावर वरून डासांचे मलम.

कोळशाच्या धुळीसाठी वेगळे प्रसाधन लागत नाही. घरी आल्यावर चेहरा आधी पाण्याने धुवावा, मग सौम्य साबण. चोळून काळेपणा काढण्याच्या नादात त्वचा सोलवटते.

हात, पाय, नखे. रोवणीच्या दिवसांत बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. त्वचा पांढरी, ओली, सुरकुतलेली दिसते आणि आग होते. बांधीतून वर आल्यावर पाय स्वच्छ पाण्याने धुऊन बेचक्या कोरड्या करणे, एवढ्याने निम्मा त्रास टळतो. ओल्या बेचक्यांत तेल मात्र भरू नये. नखाच्या कडेचे मांस सुजून ठणकते ते नखुरडे. नखामागची पातळ कातडी कापणे किंवा ओढणे हे त्याचे नेहमीचे कारण, आणि नटण्याच्या हौसेत हीच कातडी सर्वांत आधी कापली जाते. ती तशीच ठेवावी, तेलाने मऊ करावी.

नखांच्या रंगासाठी मेहंदी सर्वत्र आहे. मेहंदीचा रंग लॉसोन या द्रव्याचा असतो. लवकर काळी होणारी मेहंदी मात्र मेहंदी नसते. तिच्यात केस रंगवण्याचे पीपीडी असते आणि त्याने फोड येऊन कायमचा व्रण राहू शकतो. जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या तान्ह्या बाळाला साधी मेहंदीही लावू नये. लॉसोनने त्याच्या तांबड्या पेशी फुटून कावीळ व रक्तक्षय होऊ शकतो. म्हणून बारशाला बाळाच्या तळव्यांना मेहंदी नको. बाळाच्या डोळ्यांत काजळही नको : घरच्या काजळीने बोटावरचे जंतू डोळ्यांत जातात, आणि सुरम्यात शिसे असू शकते.

नेलपॉलिशबद्दल एकच आग्रह. पांढरट, ठिसूळ, चमच्यासारखी खोलगट नखे रक्तक्षयाची खूण असू शकतात, आणि या जिल्ह्यांत रक्तक्षय व सिकलसेल दोन्ही आहेत. गडद रंगाखाली ही खूण दिसत नाही. प्रसूतीसाठी किंवा शस्त्रक्रियेसाठी दवाखान्यात जाताना रंग पुसून जावे. बोटाला लावलेले प्राणवायू मोजणारे यंत्र गडद रंगातून चुकीचा आकडा दाखवू शकते.

गोंदण. माडिया व गोंड स्त्रियांच्या कपाळावर, गालांवर, हातापायांवर गोंदण असे. काजळी तेलात कालवून सुयांनी टोचत. अंगावरचे सगळे दागिने मेल्यावर इथेच राहतात, गोंदण तेवढे सोबत येते, ही त्यामागची श्रद्धा. गोंडांमध्ये ओझा जमातीच्या स्त्रिया हे काम करीत. आता जुन्या बायकांच्या चेहऱ्यावरचे गोंदण पाहून शहरी माणूस ते मिटवण्याचा सल्ला देतो, तेव्हा तो कोणाचे दागिने उतरवायला सांगतो आहे याची त्याला कल्पना नसते. मार्कंड्याच्या महाशिवरात्रीच्या जत्रेत किंवा चंद्रपूरच्या महाकालीच्या चैत्रयात्रेत यंत्राने गोंदून घ्यायचे असेल तर सुई आपल्यासमोर नव्या पाकिटातून काढलेली असावी आणि रंगाची वाटीही नवी असावी. एका सुईने अनेकांना टोचले तर हिपॅटायटिस बी आणि सी पसरतात.

रंगभूषा. झाडीपट्टी रंगभूमी हे या भागातील रंगभूषेचे मोठे केंद्र. वडसा, म्हणजे देसाईगंज, येथून मंडळ्या निघतात आणि दिवाळीनंतरच्या हंगामात मंडई या गावजत्रांच्या व शंकरपट या बैलशर्यतींच्या निमित्ताने गावोगाव रात्रभर नाटके होतात. दंडार आणि खडी गंमत ही या नाटकांआधीची रूपे. खडी गंमतीत पुरुषच स्त्रीवेष घेई. या रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. जुन्या मराठी रंगपेटीत सफेदा, पिवडी, मुर्दाडशिंग, इंगूळ, काजळ असे. मुर्दाडशिंग हा शिशाचा ऑक्साइड आणि इंगूळ हा पाऱ्याचा सल्फाइड. दोन्ही चेहऱ्यावर नकोत. जस्ताचा सफेदा मात्र निरुपद्रवी असून आजच्या सनस्क्रीनमध्येही तोच असतो. नाटक संपल्यावर पहाटे थकलेला नट रंग तसाच ठेवून झोपतो, तेव्हा चेहरा बिघडतो. खोबरेल तेल चोळून, मऊ कापडाने पुसून, मग साबणाने धुतले की जाड रंगही निघतो. लग्नातल्या मेकअपलाही हेच लागू आहे. एकाच ब्रशने व काजळपेन्सिलीने दहा जणींना रंगवले तर एकीचे डोळे आले की सगळ्यांचे येतात.

गोरेपणाची मलमे. आठवडी बाजारातून आणि कधी औषधाच्या दुकानातून विकले जाणारे सर्वांत घातक प्रसाधन हे. त्यांतल्या एका प्रकारात बीटामेथासोन, क्लोबेटासॉल किंवा मोमेटासोन हे स्टेरॉइड असते, कधी हायड्रोक्विनोन व ट्रेटिनॉइनसह. पहिले दोन आठवडे चेहरा उजळतो. मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, पुरळ येते, गालांवर केस वाढतात. मलम थांबवले की चेहरा जळतो, म्हणून बाई पुन्हा तेच लावते. गजकर्णावर हे मलम लावले तर खाज थांबते पण बुरशी पसरत जाते. आज देशभर हटवादी झालेल्या गजकर्णामागे हा गैरवापर एक मोठे कारण आहे. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशी १४ स्टेरॉइड मलमे परिशिष्ट ‘एच’ खाली आणली, म्हणजे ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. ट्यूबवर ‘आरएक्स’ची खूण असेल तर ते प्रसाधन नाही, औषध आहे.

दुसऱ्या प्रकारात पारा असतो. पारा त्वचेतील मेलॅनिन तयार होऊ देत नाही आणि रक्तातून मूत्रपिंडापर्यंत जातो. अकोल्यातील एका तरुणीला, तिच्या आईला आणि बहिणीला क्रीम वापरल्यानंतर मूत्रपिंडाचा आजार झाला आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणी झाल्यावर त्या क्रीममध्ये पारा आढळला, हे २०२३ च्या सुरुवातीला प्रसिद्ध झाले. भारताच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार डोळ्यांच्या प्रसाधनांखेरीज इतर प्रसाधनांत नकळत आलेला पाराही दशलक्षात एक भागापेक्षा अधिक चालत नाही. पाकिटावर निर्मात्याचे नाव व पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदत नसेल, किंवा आठवड्यात गोरे करण्याचे वचन असेल, तर ते घेऊ नये. १९७५ पासून विकल्या जाणाऱ्या फेअर अँड लव्हलीने २०२० मध्ये नावातून ‘फेअर’ काढले. बाजारानेच ज्या शब्दापासून हात झटकले तो आपल्या लग्नाच्या बोलणीत अजून आहे, आणि मुली या मलमांकडे वळतात त्या त्यामुळे.

पांढरा चट्टा. टिकली लावायच्या जागी पांढरा डाग पडला तर टिकलीच्या गोंदातील पॅरा-टर्शरी-ब्यूटिलफिनॉल हे रसायन कारण असू शकते. टिकली बंद करून काही दिवस कुंकू वापरावे आणि डॉक्टरला दाखवावे. मुलांच्या गालावरचे फिकट, खरखरीत ठिपके बहुधा साधे असतात, तेलाने व ऊन टाळल्याने जातात. पण फिकट किंवा लालसर चट्टा, ज्यावर खाज नाही, घाम नाही आणि संवेदना कमी आहे, तो कुष्ठरोगाचा असू शकतो. चंद्रपूर जिल्ह्यातच वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये आनंदवन उभारले ते याच रोगाने घराबाहेर काढलेल्या माणसांसाठी. आज त्यावर सहा ते बारा महिन्यांचा बहुविध औषधोपचार सरकारी दवाखान्यात मोफत मिळतो आणि वेळेत घेतला तर हातपाय वाकडे होत नाहीत. नवरीच्या अंगावरचा चट्टा लग्नाआधी कन्सीलरने झाकायचा आणि दवाखाना टाळायचा, असे घरातल्या घरात ठरते. त्यात जे महिने जातात तेवढ्यात मज्जातंतू मरतो. तपासणी घरीही सुरू करता येते : डोळे मिटायला सांगून कापसाची वात चट्ट्यावर आणि मग शेजारच्या चांगल्या त्वचेवर टेकवावी, आणि कुठे कळते ते बोटाने दाखवायला सांगावे. चट्ट्यावरचा स्पर्श दाखवता आला नाही, तर त्याच आठवड्यात आशाताईंना सांगून प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे.